चैत्रगौर आणि कौन्सिलची उमेदवारी

बँकेने लंडनमधली आमची हॅरोची शाखा बंद केली तेव्हा मी तिथे मॅनेजर होते. काउंटरवर पेन्शन काढायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ‘आता ॲप वापरा’ असं सांगायला माझी जीभ रेटेना. तणतणत घरी आले आणि एका पक्षाच्या तिकिटावर तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभी राहिले. बँकेत केस पांढरे केलेल्या बाईला राजकारण काय जमणार, असं नवऱ्यासकट सगळ्यांना वाटत होतं. मला तेवढं पुरे होतं.

मतदान मे महिन्यात, म्हणजे चैत्रगौरीला लागूनच. पिनरला राहायला आल्यापासून माझं चैत्रातलं हळदीकुंकू कधी चुकलं नाही. सवयीने ग्रुपवर आमंत्रण टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या प्रचाराचे नियम सांभाळणारा पक्षाचा एजंट, एक काटेकोर इंग्रज गृहस्थ, दारात हजर.

“उमेदवाराने मतदारांना खाऊ घालायचं नाही, कायद्याने ती लाच ठरते. विरोधक तक्रार करतील. कार्यक्रम रद्द करा, नाहीतर उमेदवारी सोडा.”

“कायदा मी मोडणार नाही,” मी म्हटलं, “पण गौर बसणार.”

तो गेला आणि माझं अवसान गळालं. मला ती जागा हवी होती, अगदी मनापासून. शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला. शाखेतल्या त्या माझ्या सगळ्यात जुन्या कस्टमर.

“अगं, त्यात काय एवढं? डबे आम्ही आणतो. कँडिडेटला खाऊ घालायला तर बंदी नाही ना?”

त्या दिवशी मी गॅससुद्धा पेटवला नाही. पार स्टॅनमोरहून बायका आल्या, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे घेऊन. एजंटही तपासायला आला.

“तुम्ही काय दिलंत?”

“हळदीकुंकू. आणि नळाचं पाणी.”

काकूंनी त्याला बूट काढायला लावले. “तुम्ही ह्या वॉर्डातले मतदार नाही ना? मग खा,” म्हणत वाटीभर डाळ पुढे केली. मिरचीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने वाटी संपवली.

मी निवडून आले. हळदीकुंकवाने तारलं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. पडले असते तरी पुढच्या चैत्रात गौर बसलीच असती, आणि पुढच्या निवडणुकीला मीही पुन्हा उभी राहिले असते.