बॉनेटवरचं लाल कार्ड

रविवार, ९ जानेवारी १९७२, सकाळी दहा. स्थळ: खालापूरच्या बाजूला आमचं वीज सबस्टेशन होतं, त्याच्या वसाहतीतला क्लब. क्लब म्हणजे एक कॅरमबोर्ड आणि दोन कपाटं पुस्तकं. हजर: वसाहतीचे साहेब, स्टोअरकीपर भोईर, शाळेतल्या बाई आणि कार्यवाह म्हणून मी. निमंत्रण नसताना हजर: एक.

हा एक म्हणजे आमचा फिटर. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. समोर अहोजाहो, माघारी अरेतुरे. मीही इथे एकेरीतच लिहिणार आहे. तो जिवंत असताना मला त्याच्याबद्दल प्रेम नव्हतं आणि तो गेल्यावर ते उगवलेलं नाही.

टेबलावर एक मोठं खोकं होतं. नवी यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर आठ महिने राहून परत गेला आणि जाताना हे खोकं क्लबला देऊन गेला. आत शर्यतीच्या मोटारीचे सुटे भाग होते. खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश माप. जोडून झाली की सव्वा हात लांब. दारं उघडणारी, स्टिअरिंग वळवलं की चाकं वळणारी. चाकांना सायकलसारख्या तारा, आणि त्यासुद्धा एकेक करून ओवायच्या. भोईरने झाकण काढून आत हात घातला, तेवढ्यात मिस्त्री पुढे आला आणि त्याने आपला रुंद पंजा खोक्यावर आडवा ठेवला.

"आदी बगा. मंग हात लावा."

ते त्याचं ठरलेलं वाक्य. कामावर नवीन हेल्परला, बाजारात भाजीवाल्याला, देवळाबाहेर भांडणाऱ्या दोघांना, सगळ्यांना तेच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: ती बरोबर असतात, आणि त्यामुळेच त्यांच्याजवळ बसवत नाही.

मी यादी करून आणली होती. बारा आठवडे, बारा कामं, प्रत्येक कामापुढे नाव. चाकं: मी. बैठका आणि टप: बाई. रंग: भोईर. इंजिन: साहेब. मिस्त्रीचं नाव यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. क्लब ऑफिस-स्टाफचा आणि ऑपरेटरांचा, फिटर आणि हेल्पर लोक त्यात नसत. त्याला बाहेर थांबायला सांगून, घ्यायचं की नाही यावर आम्ही पंधरा मिनिटं बोललो. त्या पंधरा मिनिटांत भोईर जे बोलला आणि मी ज्याला मान डोलावली ते इतिवृत्तात लिहिलेलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, येऊ दे, नाही तरी इंजिनाला मला वेळ होणार नाही.

मिस्त्री आत आला, जोडणीचा कागद उचलला आणि तीन संध्याकाळी नुसता तोच बघत बसला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. चित्रं बघायचा, बोटाने हवेत काहीतरी फिरवायचा, पुन्हा बघायचा. चौथ्या दिवशी सगळे भाग जुन्या धोतराच्या पानावर मांडले. माझ्या वेळापत्रकातला पहिला आठवडा असा गेला.

दुसऱ्या आठवड्यात मी एक चाक पूर्ण करून आणलं. सात दिवस डोळे फोडून एकेक तार ओवली होती. बाईंनी टाळी वाजवली. मिस्त्रीने चाक हातात घेतलं, दिव्यासमोर धरलं आणि मला विचारलं, "सायकलीवर बसता ना तुमी?"

"बसतो की."

"मंग चाकाकडं कदी बगितलं नाय?"

मी सगळ्या तारा मधल्या तुंब्यापासून सरळ बाहेरच्या कड्याकडे, म्हणजे धावेकडे, नेल्या होत्या, सूर्याच्या किरणांसारख्या. त्या तिरप्या, एकमेकींना ओलांडत जायला हव्यात. तशा नसल्या तर तुंबा आत फिरेल आणि धाव जागेवर राहील. हे त्याने सांगितलं, आणि सांगता सांगता खिशातून कटर काढून माझ्या सगळ्या तारा टकाटक तोडल्या. सात दिवसांचं काम मिनिटभरात टेबलावर पडलं. भोईर हसला. मिस्त्री हसला नाही, हे मला जास्त लागलं. मग चारही चाकं त्यानेच ओवली.

मग हळूहळू गाडी त्याची झाली. बाईंनी बैठकांना शिवण घातली, ती त्याने दोनदा उसवायला लावली. टाके मोठे आहेत, आठाने गुणून बघा, एवढा टाका कुठल्या गाडीत असतो, असं त्याचं म्हणणं. बाई मोकळ्या स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, माझ्या सासूबाईंना तुम्ही आधी भेटायला हवं होतं. दोघांनी मिळून मला सरळ केलं असतं." तिसऱ्यांदा त्यांनी इतकी बारीक शिवण घातली की मिस्त्री काही बोलला नाही. बाई ते वर्षानुवर्षं शाबासकी म्हणून सांगत.

खोक्यात होतं तेवढ्यावर त्याचं भागेना. खऱ्या इंजिनाला पाण्याची नळी असते, ती यात नव्हती. त्याने सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बसवली. भोईरने चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हणून अडवलं, तर याने चिठ्ठी लिहिली: 'व्हॉल्व ट्यूब, च्यार बोटं.' बॉनेटच्या पट्ट्यांसाठी शिळफाट्याच्या चांभाराकडून शेळीचं पातळ कातडं आणलं. कर्जतच्या घड्याळजीकडून अंगठ्याच्या नखाएवढ्या काचा आणून त्याने मीटर केले, त्यांचे काटे केसाएवढे. प्रत्येक भर घालताना आधीचं काहीतरी खोलायचा. आठवडे बाराचे वीस झाले, मग तीस. मी दर रविवारी विचारायचो, आता काय राहिलं? तो म्हणायचा, "जे दिसत नाय ते."

त्या काळी मी सबस्टेशनच्या कंट्रोल बोर्डावर ऑपरेटर होतो. लाइन बंद करणं माझं काम. त्या बंद लाइनवर चढणं त्याचं. लाइन बंद केली की ऑपरेटर लेखी परमिट देतो. काम करणारा मग स्विचला लाल पुठ्ठ्याचं कार्ड लावतो: 'माणसं कामावर आहेत', खाली त्याची सही. ज्याने कार्ड लावलं त्यानेच ते काढायचं. साहेब आले तरी त्यांनी हात लावायचा नाही. वसाहतीतल्या बायकामुलांनासुद्धा हा नियम पाठ होता.

डिसेंबरात वार्षिक संमेलन ठरलं. मुंबईहून मोठे साहेब येणार होते आणि गाडी स्टेजवर ठेवायची होती. ते मी ठरवलं होतं, पत्रिकेत छापलं होतं. आठ दिवस आधी मी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, तीन जिनसा राहिल्यात, मग बॉनेट बसवायचं. दुसऱ्याच दिवशी त्याला खंडाळ्याच्या बाजूला लाइनच्या कामावर पाठवलं. मी क्लब उघडला तर गाडीच्या उघड्या बॉनेटला दोऱ्याने एक लाल कार्ड बांधलेलं. कामावरचंच, खरं. खाली त्याची सही आणि तारीख.

मला राग आला. क्लबची गाडी, कार्यवाह मी, आणि कार्ड याचं. संमेलनाच्या सकाळपर्यंत तो परतला नाही. बॉनेट नुसतं टेकवावं तर आतल्या कसल्याशा अर्धवट चिमट्यावर अडून वर राहत होतं. मी दोरा तोडला, कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं, चिमटा आत दाबला, बॉनेटच्या दोन्ही कडांना खोक्यातला डिंक भरपूर लावला आणि वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. संध्याकाळी गाडी स्टेजवर चमकत होती. मोठे साहेब दोनदा वाकून बघून गेले. भाषणात त्यांनी माझं नाव घेतलं. मिस्त्रीचं घेतलं नाही, कारण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मिस्त्री दोन दिवसांनी आला. गाडीभोवती फिरला, बॉनेट नखाने चाचपलं. मग माझ्याकडे वळला.

"कार्ड कुनी काडलं?"

"मी काढलं."

"माजी सही नसताना?"

"कसली सही, मिस्त्री? खेळणं आहे ते."

"गाडी खेळनं हाय," तो म्हणाला. "कार्ड नव्हतं."

त्याने कार्ड परत मागितलं. मी ड्रॉवरमधून काढून दिलं. ते त्याने घडी न करता खिशात ठेवलं आणि निघून गेला. क्लबमध्ये तो पुन्हा आला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी एका लाइनवर काम होतं. मी लाइन बंद केली, तपासली, परमिट लिहिलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने हात मागे घेतला. साहेब तिथेच उभे होते. मिस्त्री त्यांना शांतपणे म्हणाला, "साहेब, ह्यांच्या परमिटवर मी चढनार नाय. दुसरा मानूस द्या."

साहेबांनी कारण विचारलं. त्याने सांगितलं. मला वाटलं साहेब हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या ऑपरेटरला बोलावलं.

एवढंच झालं असतं तर मी विसरलो असतो. पण मिस्त्रीचं बघून बाकीचे फिटर माझं परमिट घेतल्यावर लाइन पुन्हा तपासू लागले. एकदा, मग दोनदा. तोंडाने कुणी काही म्हणत नव्हतं. एकजण तपासायचा, दुसरा माझ्याकडे न बघता उभा राहायचा. अकरा वर्षं मी बोर्डावर होतो. माझ्या चुकीने कुणाच्या बोटाला चटका बसला नव्हता. चार महिन्यांत मी स्वतःच अर्ज करून ऑफिसात बदली घेतली. तेव्हापासून आजपर्यंत हजेरीपट आणि रजेचे फॉर्म.

वसाहत लहान. नऊ वर्षं आम्ही एका नळावर, एका दुकानात, एका रस्त्यावर होतो आणि एक शब्द बोललो नाही. तो समोरून आला की मी सायकल दुसऱ्या बाजूला घ्यायचो. रजेचा फॉर्म द्यायला तो स्वतः येत नसे. बाईंच्या हातून पाठवायचा. बाई एकदा वैतागल्या. म्हणाल्या, "मी शाळामास्तरीण आहे, टपालवाली नाही. दोघांपैकी एकाने तरी तोंड उघडा." मी म्हणालो, त्याने उघडावं. त्याच्याकडूनही बहुधा हेच उत्तर त्यांना मिळालं असणार.

एकदा बाईंच्या आग्रहाने मी त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. शेवटच्या रांगेतली खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली हत्यारं आकाराप्रमाणे टांगलेली, एकही वाकडं नाही. तो पाठमोरा बसून काहीतरी घासत होता. मी दारातून परत फिरलो. त्याने पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

१९८१ मध्ये तो निवृत्त झाला. जाणाऱ्या माणसाच्या ना-हरकत फॉर्मवर सगळ्या खात्यांच्या सह्या लागतात, आणि क्लबचा रकाना माझ्याकडे होता. तेवढ्यासाठी त्याला माझ्या टेबलापुढे उभं राहावं लागलं. मी खुर्ची दाखवली नाही आणि त्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही. मी सही करून फॉर्म सरकवला. त्याने तो वाचला, पूर्ण वाचला, आणि परत माझ्याकडे सरकवला.

"तारीख घाला."

नऊ वर्षांनंतरचे पहिले शब्द. मी तारीख घातली. मग त्याने खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. आत कापूस, आणि कापसात तीन वस्तू: तांब्याची केसासारखी बारीक नळी, दोन वळणं घेतलेली, आतल्या अर्धवट चिमट्याचा दुसरा भाग, आणि तेलाचं झाकण, मोहरीपेक्षा थोडं मोठं, पण आट्या पाडलेलं.

"ह्याच तीन जिनसा व्हत्या," तो म्हणाला.

मी म्हणालो, आता काय उपयोग, बॉनेट चिकटवलेलं आहे. मग, नऊ वर्षांत पहिल्यांदाच जरा नरमून म्हणालो, "तुम्हीच उघडा ना, मिस्त्री. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "माज्या कामावर मी कार्ड लावलं. ते तुमी काडलं. मंग काम कुनाचं झालं?"

काडेपेटी तिथेच ठेवून तो फॉर्म घेऊन गेला. पुढच्या दोन वर्षांत तो त्याच्या गावी, शेलूच्या बाजूला, वारला. बातमी बाईंनी आणली. मी कामात होतो, तसंच काम पुढे चालू ठेवलं. दिवसाच्या यादीत काहीच खाडाखोड केली नाही.

यंदा क्लब नव्या खोलीत हलवतो आहोत आणि कार्यवाह पुन्हा मीच आहे. गाडीची यादी केली आहे. काच पुसणे: झालं. चाकांना तेल: झालं. चारही अजून एका फुंकरीने फिरतात. बैठका झाडणे: झालं. पातळ पातं आणलं आहे, ते कोमट करून कडेने कसं घालायचं याचा सराव खोक्यातल्या फालतू तुकड्यांवर तीनदा केला आहे. पण मी त्या दिवशी डिंक फार लावला होता. बॉनेटच्या कडेला पातं टेकवतो आणि उचलतो. काडेपेटी शेजारी उघडी आहे. यादीत शेवटची ओळ: बॉनेट उघडणे, तीन भाग बसवणे. पुढे नाव माझं घातलं आहे. झालं असं अजून लिहिलेलं नाही.