शेळी की मोटर

बारावीला मला जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र दोन्ही होते, पण मारेगावजवळच्या आमच्या गावाला त्यातलं जीवशास्त्र तेवढं ऐकू आलं. गावाने परस्पर मला डॉक्टर करून टाकलं. कोणी पोट फुगलेली शेळी दारात आणून बांधायचं, कोणी कपाशीचं किडकं बोंड फोडून ‘पाह्य वं पोरी, काय झालं याले’ म्हणत पुढे धरायचं. मला बेडकाचं हृदय कुठे असतं तेवढं माहीत होतं, तेही चित्रातलं. बाबा मात्र खाटेवर बसून हे सगळं खुशीत ऐकायचे.

म्हणून बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेणार, हे मी जेवताना भीतभीतच सांगितलं.

‘काहून?’ बाबांनी विचारलं.

‘मले आवडते.’

त्यानंतर ते माझ्याशी आईमार्फत बोलू लागले. मीही त्यांचीच मुलगी, उत्तरं आईमार्फतच द्यायची. आई दोघांवर वैतागली होती.

एका सकाळी शेजारचे काका पुन्हा शेळी ओढत आले. मी दाराआड उभी राहिले. बाबांनी तंबाखू मळता मळता त्यांना अंगणातच थांबवलं.

‘शेळीचं सोडलं तिनं,’ ते म्हणाले. ‘मोटर बिघडली असन तं आन.’