हजर, गैरहजर आणि गावी

लालबागेत फुकट सरबत वाटायला कोणी उभं राहिलं, तर पहिला पेला भरायच्या आत रांग पुलापर्यंत जाते. फुकट तपासणीच्या शिबिरात ठणठणीत माणसं रक्तदाब मोजून घेतात आणि पलीकडच्या टेबलावर दुसऱ्यांदा मोजून घेतात. अशा भागात एखादी वस्तू वर्षानुवर्षं फुकट देऊ करावी आणि एका शाळेखेरीज ती कोणीही घेऊ नये, ही करामत करून दाखवणारा एकच महापुरुष माझ्या पाहण्यात आला, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा साडू निघाला.

ही वस्तू म्हणजे शाळेचा सगळा कारभार एका ठिकाणी ठेवणारा एक कॉम्प्युटर प्रोग्राम. हजेरी, गुण, फी, दाखले, पोषण आहाराचे तांदूळ, सगळं त्यात. त्याला नाव अजून नाही, कारण नाव सर्वांनी मिळून ठरवावं असं साडूबुवांचं मत आहे आणि ‘सर्व’ अजून जमलेले नाहीत. एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात त्यांची उत्तम नोकरी होती. ती मुदतीआधी सोडून, गिरगावातल्या दोन खोल्यांपैकी हवेशीर ती एक बळकावून, ते हे काम करत बसले. तेव्हापासून माझी मोठी मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, स्वयंपाकघरातच झोपते आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही. फक्त पाहुण्यांना घर दाखवताना हवेशीर खोलीकडे बोट करून “ही ह्यांची शाळा” एवढंच म्हणते.

या प्रोग्रामला ‘फुकट’ म्हटलेलं साडूबुवांना चालत नाही. तो ‘मुक्त’ आहे. हा फरक त्यांनी मला लग्नांत, बारशांत, एकदा तर शिवडीच्या स्मशानभूमीत लाकडं येईपर्यंतच्या वेळात समजावून सांगितलेला आहे. “साडूभाऊ, मी तुम्हाला मोदक देत नाहीये. मोदकाची कृती देतोय. तुम्ही करा, गूळ कमी घाला, जायफळ जास्त घाला, शेजारच्यांना शिकवा. मला विचारायचंही नाही!” असं म्हणताना त्यांचे डोळे भरून येतात. यावर ताईचा प्रश्न ठरलेला असतो, “आणि उकड कोण काढणार?” या प्रश्नाचं उत्तर मुक्त चळवळीला अजून सापडलेलं नाही.

असला प्रोग्राम तपासायला खोटी शाळा लागते, आणि खोट्या शाळेला खोटी मुलं. साडूबुवांचा कल्पनाशक्तीवर विश्वास नाही, म्हणून त्यांनी सगळे नातेवाईकच त्यात भरले. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या सासूबाई पहिलीत आहेत आणि कवायतीत त्यांना अ श्रेणी आहे. माझी बायको वर्गप्रमुख. माझा मुलगा सातवी अ मध्ये, हुशार, वक्तृत्वात बक्षीस. आणि मी पाचवी ब मध्ये नापास. पाचवीत पुन्हा नापास करता येईल असा नियम आला, तेव्हा तो तपासायला कोणीतरी नापास व्हायला हवं होतं आणि साडूबुवांना पहिलं माझंच नाव सुचलं. मी तक्रार केली तर म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. तुम्ही फक्त एक उदाहरण आहात.” पुढे दिवाळीच्या फराळाला माझे ऑफिसातले साहेब सहकुटुंब आले असताना साडूबुवांनी आमच्या टीव्हीला वायर जोडली, आणि माझं नाव, माझा फोटो आणि गणितासमोरचे लाल गुण बत्तीस इंची पडद्यावर झळकले. साहेबांनी हातातली चकली संपवली. पण तेव्हापासून माझ्या टेबलावरून जाणारी प्रत्येक बेरीज ते स्वतः करून पाहतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर दोनदा त्याचा उपयोगही झाला.

त्यांचा प्रोग्राम वापरणारी ती एकमेव शाळा म्हणजे परळची, ते स्वतः जिथे शिकले ती. वडील गिरणीत, घर चाळीत, शाळा चाळीच्या मागे. या शाळेसाठी त्यांनी प्रोग्राममध्ये एक गोष्ट घातली, तिचा त्यांना पोटच्या पोराइतका अभिमान आहे. ते म्हणतात, “जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये माणूस एक तरी असतो नाहीतर शून्य असतो. हजर किंवा गैरहजर. आपल्याकडे तिसरी अवस्था आहे!” ती म्हणजे ‘गावी’. गिरणगावात वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. गणपतीला, शिमग्याला बाईंनी नाव पुकारलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, “गावी गेलाय, बाई.” बाई पुढच्या नावाकडे वळतात. गैरहजर मुलाला तापाची चिठ्ठी आणावी लागते, छड्या खाव्या लागतात. गावी गेलेल्याला काहीच लागत नाही. उलट परत येताना तो बाईंसाठी खाजं घेऊन येतो. म्हणून साडूबुवांनी हजेरीत तिसरं बटण केलं, आणि गावी गेलेल्याचं नाव काढायची सोयच ठेवली नाही. मी विचारलं, “पण तो परत आलाच नाही तर?” ते माझ्याकडे पाचवी ब कडे पाहावं तसं पाहत म्हणाले, “गावी गेलेला माणूस परत येतो, साडूभाऊ. त्याशिवाय त्याला गावी गेला कसं म्हणणार?”

आणि इथेच घात झाला.

मध्यंतरी शाळेच्या संस्थेने ठरवलं की आता एका कंपनीचं ॲप घ्यायचं. मुख्याध्यापिका बाई मात्र भल्या. त्यांनी साडूबुवांना निरोप दिला, “शनिवारी कंपनीवाले येताहेत, तुम्हीही तुमचं दाखवा. मग मंडळी ठरवतील.” दहा वर्षांचं काम एका सकाळवर आलं. ताईने त्यांचा लग्नातला कोट बाहेर काढला, तो बसला नाही, म्हणून माझा नेला. मला सोबत घेतलं ते कोटाचा मालक म्हणून.

शाळेच्या सभागृहात कंपनीचा एक तरुण होता, टोकदार बूट आणि टोकदार मराठी. त्याने दहा मिनिटांत रंगीत चित्रं दाखवली, आईच्या फोनवर मेसेज जातो ते दाखवलं आणि बसला. मग साडूबुवा उठले. त्यांनी ज्ञान हे सर्वांचं असतं इथून सुरुवात केली. अर्ध्या तासाने ते छापखान्याच्या शोधापर्यंत पोचले होते. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांचा परळला कॅटरिंगचा धंदा आहे आणि ज्यांना शनिवारी दोन लग्नं होती, ते शेवटी म्हणाले, “ते सगळं बरोबर आहे हो. आपल्या शाळेत आज मुलं किती, तेवढं दाखवा बघू.”

साडूबुवांनी बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला. तो पाहून सगळं सभागृह एकदम सरळ बसलं, कारण एवढी मुलं या शाळेत गिरण्या चालू असताना होती. अध्यक्षांनी खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “कुठे आहेत ही?”

“गावी,” साडूबुवा म्हणाले.

सरकारला जाणारे आकडे मुख्याध्यापिका बाई वेगळे पाठवत, ते खरे होते. फक्त आमच्या साडूबुवांच्या पडद्यावर शाळा भरलेली होती. चाळी पडत गेल्या, टॉवर उठत गेले, बिऱ्हाडं बदलापूरला, विरारला, कुठे कुठे गेली. वर्गात नाव पुकारलं की मागून जुनंच उत्तर येई, “गावी गेलाय, बाई,” आणि बाई तेच बटण दाबत. प्रोग्रामने एकालाही कधी विचारलं नाही, परत कधी येणार.

“आमच्यात असा इश्यू नाही सर,” टोकदार तरुण नम्रपणे म्हणाला. “महिनाभर स्टुडंट आला नाही की नाव आपोआप जातं.”

“व्वा!” अध्यक्ष म्हणाले. त्यांचं ठरलं होतं. मुख्याध्यापिका बाई पडद्याजवळ जाऊन एकेक नाव वाचत होत्या. “हा आपला चिवडेवाल्याचा... ही नाचायची छान...” मग चष्मा पुसून त्या म्हणाल्या, “माफ करा हं. मला रोज सरकारचं पोर्टल भरायचं असतं, तिथे ‘गावी’ चालत नाही.”

परळहून लालबागपर्यंत आम्ही चालत आलो. ओळख झाल्यापासून साडूबुवा पहिल्यांदाच गप्प होते, आणि मला लाज वाटते सांगायला, पण पहिली पाच मिनिटं मला फार बरं वाटलं. नंतर मात्र ते सहन होईना. मीच म्हटलं, “ते मुक्त आणि फुकट यांत नेमका फरक काय हो?” त्यांनी नुसती मान हलवली. “काही नाही. एकच आहे ते.” आणि रस्त्यातच कोट काढून माझ्या हातात दिला.

त्यानंतर आठवड्याभरात ताईचा माझ्या बायकोला घाबऱ्या आवाजात फोन आला. “अगं, हे मेथी निवडतायत! कालपण निवडली. खोली रिकामी केलीय, म्हणाले आता तू झोप इथे. मला मेलीला झोपच येत नाही त्या वाऱ्यात. तुझ्या नवऱ्याला सांग ना, त्या प्रोग्रामात एखादी चूक काढायला. चूक काढली की हे चिडतात, चिडले की बरे होतात.”

म्हणून आम्ही त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. सासूबाईही आमच्याकडेच होत्या. मी चूक पाठ करून ठेवली होती, पण ती काढायची वेळ आली नाही. सोलकढी वाढत असतानाच साडूबुवांचा फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून ताईने स्पीकर लावून फोन पानाजवळ ठेवला.

“नमस्कार सर, मी कणकवलीच्या पुढच्या एका गावातून बोलतेय. आमची दोन शिक्षकांची शाळा आहे. तुमचा प्रोग्राम आम्ही वर्षभर वापरतोय. खाली तुमचा नंबर होता. आज रविवार ना, म्हटलं आभार तरी मानावे.”

साडूबुवांचा घास हातातच राहिला. ताईने माझ्याकडे पाहिलं.

“सगळं मस्त चालतंय सर. फक्त त्या हजेरीच्या तिसऱ्या बटणात आम्ही जरा बदल केला.”

“बदल?” साडूबुवा ताडकन सरळ झाले. “कोणाला विचारून बदललंत? दहा वर्षं घालवली मी त्या बटणावर! असं कोणीही उठून काहीही...”

“पण सर, तुम्हीच लिहिलंय ना तिथे, बदला, विचारू नका म्हणून?”

सासूबाई फिस्सकन हसल्या. “जावईबापू, जायफळ जास्त घातलंन हो तिनं!”

साडूबुवांचा चेहरा माझ्या पाचवीच्या निकालासारखा लाल झाला. मग त्यांनी विचारलं, “काय बदल केलात?”

“तुमचं ‘गावी’ होतं ना. आमच्या पोरांना ‘गावी’ कसं लिहू सर? ती गावीच असतात. जातात ती तिकडे. म्हणून आम्ही केलं ‘मुंबईला’.”

मी मनात परळचा पडदा आणि त्या शाळेचा पडदा समोरासमोर ठेवून पाहिले. इथली सगळी पोरं गावी आणि तिथली सगळी मुंबईला.

“एकच विचारायचं होतं सर,” बाई म्हणाल्या. “ह्या मुंबईला गेलेल्यांची नावं किती दिवस ठेवायची? काढायचं बटणच सापडत नाही.”

“जाताना काय सांगून गेली ती?”

“काय सांगणार? शिमग्याक येतंव म्हणाली.”

साडूबुवांनी ताटाबाहेर हात धरून ठेवला होता, त्यावरचा भात वाळत आला होता. “मग राहू द्या नावं,” ते म्हणाले. “आणि बाई, तुम्ही बदललेल्या ओळी मला पाठवा. मूळ प्रोग्राममध्ये घालतो. तुमच्या नावासकट.” दहा वर्षांत त्या कृतीत दुसऱ्या कोणी चिमूटभर काही घातल्याची ही पहिलीच वेळ होती.

हात धुऊन ते थेट लॅपटॉपपाशी बसले. ताईने “अहो, ताक तरी...” म्हटलं, पण तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. बहुधा रात्री पुन्हा स्वयंपाकघरात शांत झोप लागणार याचा तिला आनंद झाला असावा. नवीन बटण तपासायचं म्हणजे खोटी शाळा भरवणं आलं. साडूबुवा मोठ्याने नावं पुकारू लागले. पहिलीतल्या सासूबाई खणखणीत आवाजात “हजर!” म्हणाल्या. वर्गप्रमुख ताटं उचलता उचलता “हजर” म्हणाली.

“सातवी अ,” साडूबुवांनी माझ्या मुलाचं नाव घेतलं आणि थांबले. तो जर्मनीत असतो. गेला तेव्हा दिवाळीला येतो म्हणाला होता, मग पुढच्या दिवाळीला. आधी आम्ही दर रविवारी व्हिडिओवर त्याला जेवताना पाहायचो. आता तिकडेही त्याला कामं असतात. साडूबुवांचं बोट तीन बटणांवरून फिरत राहिलं.

“भाऊजी,” माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हातात ताटांची चळत तशीच होती. “तो गावी.”

साडूबुवांनी बटण दाबलं, चष्मा वर केला आणि पुढचं नाव पुकारलं.

“पाचवी ब.”

एरवी या वेळी मी फोन आल्याचं निमित्त करून गॅलरीत सटकतो. “हजर,” मी म्हणालो.