माटोळीतलं वायरलेस

हसायचं असेल तर सांगतो, पण हातातला कप आधी खाली ठेवा. गेल्या खेपेला हे ऐकताना आमच्या शेजारच्या पुंडलिकाने चहा नाकातून काढला होता. दोष त्याचा नाही. दोष त्या वायरलेसचा. म्हणजे थोडा माझाही आहे. बरं बाबा, सगळा माझाच!

मी सगुण, नार्वेचा. सगळा जन्म फेरीबोटीवर गेला. दोर टाकायचा, दोर ओढायचा, बोट धक्क्याला बांधायची. अलीकडून पलीकडे आणि पलीकडून अलीकडे. रिटायर झालो तरी त्या नोकरीच्या दोन सवयी अंगाला चिकटल्या आहेत. एक म्हणजे, चांगला दोर दिसला की माझा जीव जातो. घरात माझी दोरांची पेटी आहे, तिला कोणी हात लावलेला मला खपत नाही. आणि दोर मी कधी कापत नाही. उरलेलं टोक लोंबत राहिलं तरी चालेल, पण अख्ख्या दोराला सुरी लावायची? छे!

दुसरी सवय नदीने लावली. पाण्याकडे बघत बसून बसून माणूस वाहत जातो हो. समोर कोणी बोलत असतं, मी 'हं, हं' करतो आणि मनाने कुठल्या कुठे पोचतो. आमची शालन, म्हणजे बायको, बरोबर ओळखते. "गेले पलतडी!" म्हणते. पलतड म्हणजे पलीकडचा काठ. अलीकडे परत आणायला तिला दोनदा तरी हाक मारावी लागते.

तर झालं असं. आमचा एकुलता एक दत्तू नोकरीला इंग्लंडात गेला. मोपाला त्याला विमानात बसवून आलो, आणि तेव्हापासून आकाशात घुर्रर झालं की शालन अंगणात येऊन वर बघते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली. गोव्यात चवथीला माणूस घरी नाही म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पोर जन्मल्यापासून पहिलीच चवथ त्याच्याशिवाय. वर हा आमच्या आरतीतला घुमटवाला! त्याचा हात पडला की कातडं ताणलेलं मातीचं घुमट बोलायला लागतं.

"व्हिडिओ कॉल करू की गो," मी म्हटलं. "तो तिथून आरतीला बसेल."

"मोबायलांत?" शालन म्हणाली. "मोबायलांत तो आंगठ्याएवढो दिसता. तोंड दिसलें तर केस दिसनात. तो बारीक जालो काय ना, कशें कळटलें? म्हाका तो सगळो दिसूंक जाय!"

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. चेष्टा करायची हिंमत झाली नाही. मागच्या खोलीत दत्तूचा जुना कॉम्प्युटर होता, मोठ्या पडद्याचा. छाती पुढे काढून मी सांगून टाकलं, "ह्या चवथीला तुझा पोर तुला पुरा दाखवतो. शब्द दिला!"

आता अडचण बघा. इंटरनेटचं राउटर पुढच्या सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, जिथे गणपती बसतो तिथे. कॉम्प्युटर पार मागच्या खोलीत. राउटर बसवणारा माणूस म्हणाला होता, भिंतींतून भोकं पाडून वायर ओढून देतो. चवथीसाठी घर नुकतंच रंगवलेलं! शालन ड्रिलच्या आडवीच उभी राहिली. "ह्या वंटीक एक बुराक केल्यार पळयात!" तो बिचारा राउटरबरोबर आलेली पिवळी वायर गुंडाळी करून ठेवून गेला. चांगली लांब, मऊ, चिवट. मी ती पेटीत घातली.

दत्तू फोनवर म्हणाला, "बाबा, मग डिचोलीहून वायरलेस ॲडॅप्टर आणा. कॉम्प्युटरला लावला की झालं."

वायरलेस! मला तो शब्दच इतका आवडला म्हणून सांगू. सगळा जन्म दोर ओढलेल्या माणसाला कोणी सांगितलं की आता बोट दोराशिवाय बांधायची, तर त्याला काय वाटेल? डिचोलीच्या बाजारात पोचेपर्यंत मी तरंगतच होतो.

दुकानदाराने दोन नमुने समोर ठेवले. एकाला चांगली वीतभर शेंडी होती. दुसरा नखाएवढा, सगळ्यात स्वस्त.

"घर केदें? वंटी चिऱ्यांच्यो? राउटर कितलो पयस?" तो विचारत होता. मी 'हं, हं' म्हणत होतो. तो आणखी काहीतरी समजावत होता, तापण्याबद्दल, अंतराबद्दल, शेंडीबद्दल. पण माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चाललेलं. इंग्लंडाहून निघालेला माझा पोर समुद्रावरून, मांद्र्याच्या किनाऱ्यावरून, काजूंच्या डोंगरावरून धुक्यासारखा हलकेच येतोय, नदी ओलांडतोय आणि ह्या नखाएवढ्या वस्तूतून घरात शिरतोय. ना दोर, ना धक्का!

"तर मग शेंडीवालो दितां?" दुकानदार म्हणाला.

"हा लहान द्या," मी म्हटलं. पलतडीवरून.

घरी आल्यावर खोकं उघडलं. आत तो नखाएवढा तुकडा आणि एक छोटी सीडी. शालनने तो तुकडा चिमटीत धरला. "हें झाकण. वस्तू खंय?"

"हीच वस्तू!"

"ह्यांतल्यान दत्तू येतलो?" तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुकड्याकडे, आणि नेवऱ्या वळायला निघून गेली.

लावला. काही नाही. दत्तू म्हणाला, आधी सीडी घाला. कॉम्प्युटरचा सीडीचा खण उघडेना. मग तो म्हणाला, इंटरनेटवरून सॉफ्टवेअर उतरवून घ्या. आता सांगा! इंटरनेट चालू करायला आधी इंटरनेट पाहिजे! शेवटी मोबाइलवर उतरवलं आणि चार्जरच्या वायरने कॉम्प्युटरमध्ये घातलं. वायरलेसची सुरुवात वायरीने झाली. तिथेच मला शहाणपण सुचायला हवं होतं.

दिवा लागला. मी ओरडलो, "लागला गो!" पण नेटवर्क दिसतंय ना दिसतंय. भिंती चिऱ्यांच्या, हातभर जाड. धुकं कुठलं आत शिरतंय! मग मी कॉम्प्युटर मेजासकट ढकलून जेवणाच्या खोलीत आणला. सिग्नलची एक दांडी वाढली. दत्तूला सांगितलं तर म्हणाला, ॲडॅप्टर मागे लोखंडी पत्र्याआड आहे, एक्स्टेन्शनच्या वायरने पुढे आणा. आणली ती वायर. आणखी एक दांडी. मग वाटेतल्या पडवीत. मग सालाच्या दारात. आणि विजेची वायर मागच्या खोलीतून कॉम्प्युटरच्या मागोमाग सगळं घरभर!

शालन दोनदा त्या वायरीत अडकली. "वायर नाका म्हणून हाडलेलें मूं हें?"

"ही विजेची वायर. ती वेगळी."

शेवटी कॉम्प्युटर थेट सालात आला, गणपतीच्या चौरंगाला लागून. पुऱ्या दांड्या! मी मेजावर थाप मारली. तिथे राउटर माझ्या हाताच्या अंतरावर आहे, हे मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. मी आपला वायरलेसच्या लाटांमध्ये दंग.

त्याच दिवशी माटोळी बांधली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, बागेतली फळं बांधायची, हा आमच्याकडचा मान. तोरिंग, आंबाडे, चिबूड, सुपारीचा कातरा, सगळं मी केवणीच्या, म्हणजे रानातल्या झाडाच्या वाखाच्या, दोराने बांधलं. नारळांची पेंड, म्हणजे घोस, राहिली आणि केवण संपली. भारी पेंड होती, मग पेटीतला एक चिवट दोर काढला आणि अशी गाठ मारली की फेरीबोटसुद्धा पुरात सुटली नसती. उरलेली दोन्ही टोकं दोन बाजूंना लोंबत सोडली. ती काय कापणार!

चवथीचा दिवस उजाडला. गणपती बसला. संध्याकाळच्या आरतीला शेजारपाजार जमला, आणि मांद्र्याहून शालनचा भाऊ विश्राम आला. त्याचं मांद्र्याला गेस्ट हाऊस. वायफायचं त्याला सगळं कळतं, आणि कळतं हे तो दिवसभर सांगतो. म्हणून तर मी त्याला काही विचारलं नव्हतं. नाक गेलं तरी चालेल, पण मेव्हण्यापुढे वाकणार नाही!

सालात पाऊल टाकल्या टाकल्या तो म्हणाला, "काय ओ भावजी, औंदा दोन गणपती?"

मी तिकडे लक्षच दिलं नाही. कॉल लावला. पडदा उजळला आणि अहाहा! दत्तू! पुरा दत्तू! मागे त्याची खिडकी, पुढ्यात घुमट नाही म्हणून उलटं घातलेलं पुठ्ठ्याचं खोकं. शालन निरांजन घेऊन तशीच पुढे आली.

"आई, तू कशी आ—"

आणि थिजला! तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात वर.

"ह्याका कितें जालें?" शालन घाबरली. "असोच कित्याक रावलो?"

"नेटवर्क गो, नेटवर्क." मी तुकडा काढला, पुसला, परत लावला. हाताला चटका बसला. दत्तू परत आला. "बाबा, आवाज ये—" परत थिजला. आता दोन्ही डोळे मिटलेले! परत काढला. फुंकर मारली. पुंडलिक वर्तमानपत्राने वारा घालायला लागला. कोणी म्हणालं मोपाच्या विमानांमुळे होतं, कोणी म्हणालं नारळांची सावली पडते. आरती खोळंबली, वाती खाली आल्या, आणि पडद्यावर आमचा पोर जांभई दिल्यासारखा बसलेला.

शालनने ताट खाली ठेवलं. "पुरो," ती म्हणाली. "म्हाका नाका आतां. त्याका असो थिजलेलो पळोवंक नाका." आणि पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेली.

खरं सांगतो, माझा जीव इतका इतका झाला. रिकामा शब्द देऊन बसलेला माणूस मी. पुरात बोट नेताना कधी घाबरलो नव्हतो, पण त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा धीर झाला नाही.

विश्राम जवळ आला. "भावजी, ह्यां सोडा. वायर लावा की थेट!"

मला राग आला. "वायर कशी लावणार? भिंतीला बुराक पाडू?"

"कसलो बुराक?" तो म्हणाला. "राउटर हंय, कॉम्प्युटर हंय. मधीं वंट खंय आसा? मधीं फक्त गणपती!"

मी राउटरकडे बघितलं. कॉम्प्युटरकडे बघितलं. गणपतीकडे बघितलं. तो हसतोय असंच मला वाटलं.

"राउटराबरोबर वायर येता. पिवळी. खंय ठेवलां ती?"

पिवळी! मी फक्त मान वर केली. माझ्याबरोबर विश्रामने वर बघितलं, पुंडलिकाने बघितलं, सगळ्या आळीने बघितलं. गणपतीच्या डोक्यावर, माटोळीच्या मधोमध, नारळांची पेंड झुलत होती. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात पक्क्या गाठीने, पिवळ्याधमक वायरीला!

"सोडतो," म्हणत मी स्टूल ओढलं.

"सोडूं नाकात!" शालन आतून धावत आली. "विसर्जनाआदीं माटोळेक हात? देव घरांत आसा!"

तिचंही खरं. आणि खरं सांगायचं तर ती गाठ मलाच सुटली नसती. मी स्टुलावर तसाच उभा, ना वर ना खाली. विश्राम खालून निरखत होता. मग त्याने कपाळाला हात लावला. "सोडूंक कित्याक जाय ओ? दोनय टोकां खाली लोंबतत मां!"

लोंबत होती! एक राउटरच्या बाजूला, एक कॉम्प्युटरच्या बाजूला. सांगितलं होतं ना, मी दोर कापत नाही! विश्रामने एक टोक तिकडे खुपसलं, मी दुसरं इकडे. मध्ये नारळ.

आणि दत्तू आला! मोठा, पुरा, हलता, बोलता. "आई, दिसतोय ना मी?"

शालन पडद्याला नाक लावून उभी. "दिसता रे. बारीक जाला तूं. पावच खाता काय थंय?" आणि हसता हसता रडायला लागली. माझेही डोळे भरले, का लपवू? आरती सुरू झाली. त्याने तिकडे खोक्यावर हात मारला, ठोका इकडे जरा मागाहून पोचत होता. पण इथले घुमटवाले त्याच्यासाठी थांबून घेत होते. मी वर बघत राहिलो. माझा पोर समुद्र ओलांडून आला, धुक्यासारखा नाही, चांगला दोर धरून, नारळांच्या मधून वाट काढत. मी पार पलतडी पोचलो, आणि त्या दिवशी शालनने मला परत बोलावलं नाही.

इथेच संपलं असतं तर माझी लाज राहिली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी माटोळी बघायला बायका आल्या. रानातलं काय काय मिळालं ते बोट दाखवून विचारायची रीतच आहे. पुंडलिकाच्या बायकोला एका कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेलं, काळं, नखाएवढं काहीतरी दिसलं. ते तिथे कोणी आणि कधी टांगलं, माझं मला माहीत नाही!

"शालन, हें कसलें गो फळ? रानांतलें?"

शालनने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"ना गो. आमच्या ह्यांच्या अकलेचें. औंदा इतकेंच धरलें."