आप्पांच्या भोवती कावा

हातातला चहा आधी संपवून टाका बरं! मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. घोड्यावर बसून सुशीलेला मागणी घालायला गेलेल्या माणसाची फजिती सांगतोय, आणि तो माणूस तुमच्यासमोरच बसलाय!

तेव्हा मी बुऱ्हाणपुरात मराठीचा मास्तर होतो. संस्थानं विलीन होत होती, राजांच्या फौजा मोडत होत्या. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द कुठला? गनिमी कावा! गनीम म्हणजे शत्रू, अरबीतून आलेला. आणि कावा? घोड्याला लांब दोरी बांधून गोल गोल फिरवायचे, त्याला म्हणायचे कावा देणं. असा वळायला शिकलेला घोडा लढाईत शत्रूला हुलकावण्या द्यायचा, म्हणून पुढे त्या हुलकावणीलाच कावा म्हणू लागले. हे मी वर्गातल्या पोरांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, न्हाव्यालाही सांगितलं.

सुशीलेला तर कितीदा! ती लालबागेत आमच्याच गल्लीत राहायची, मुलींच्या शाळेत शिकवायची. शाळेची वाट आमची एकच. "आज कुठला शब्द, मास्तर?" ती विचारायची, की मी सुटलोच. मला ती फार आवडायची हो. रात्रंदिवस तीच डोक्यात. पण जगातले सगळे शब्द तिला सांगितले, तेवढा एक सोडून.

एके दिवशी ती चालता चालता थांबली. म्हणाली, "रविवारी जळगावचे पाहुणे येताहेत. मला बघायला."

आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काय केलं असेल? 'पाहुणा' हा शब्द संस्कृतातून कसा आला ते सांगितलं! घरापर्यंत!

माझा मित्र दिगू कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, सरळ जा ना तिच्या आप्पांकडे अन् विचारून टाक!"

"सरळ?" मी म्हणालो. "छे! इथे कावाच पाहिजे."

आप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, घोड्यांचं भारी वेड. माझा बेत असा, की आपण ऐटीत घोड्यावरून त्यांच्या दारावरून जायचं. आप्पा म्हणणार, वा मास्तर, या! मग चहा, मग गप्पा, आणि गप्पांत हळूच मागणी. पाहुणे यायच्या आत काम फत्ते!

रमजानचाचांच्या टांग्याला मोडलेल्या फौजेतला एक घोडा होता. चाचा म्हणाले, "मास्टरसाब, नये सिपाही इसी पे सीखते थे. बीच में उस्ताद छडी लेके खडा, और ये गोल गोल!"

कावा शिकलेला खराखुरा घोडा! मी तर हरखूनच गेलो. पुढचा विचार कोण करतो?

रविवारी सकाळी ऐटीत निघालो. आप्पांचं अंगण चांगलं ऐसपैस. आप्पा मधोमध उभे, हातात काठी. फाटक उघडं होतं, घोडा आतच शिरला, आणि ते बघून त्यांनी ती काठी उंच केली.

झालं! घोड्याला उस्ताद भेटला! मान वाकवून त्याने आप्पांच्या भोवती जो फेर धरला…

"नमस्कार आप्पा! सहज चाललो होतो!" पहिल्याच फेरीत मी ओरडलो.

"मग जा ना भाऊ!"

"जातोच आहे!"

"मास्तर, हे काय करून राहिले तुम्ही?"

आता तरी मागणी घालावी की नाही? पण जित्याची खोड! "याला कावा म्हणतात, आप्पा! मूळ शब्द…" घोडा त्यांच्या पाठीमागे गेला, परत पुढे आला, तेव्हा मी पुरं केलं, "…फारसी!"

आप्पा चिडून काठी हलवायला लागले. ते जितकी हलवत, घोडा तितका जोरात पळे. गल्ली गोळा झाली. दारात सुशीला उभी होती. आधी ती पोट धरून हसत होती. मग नुसतीच बघत राहिली. दर फेरीला ती समोर यायची आणि दर फेरीला मागे पडायची.

तेवढ्यात फाटकातून एक तरुण आला. सरळ चालत आप्पांपाशी गेला आणि म्हणाला, "काका, ती काठी द्या बरं इकडे."

काठी खाली आली, घोडा थांबला. मी घसरत उतरलो आणि दोन्ही हात धरून त्याचे आभार मानले. तो जळगावचा पाहुणा होता!

सगळे आत गेले. सुशीलेने माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. हळूच म्हणाली, "कावा कळला, मास्तर. पण एवढं गोल फिरून झाल्यावर पुढे काय करायचं असतं?"

ती थट्टा करत नव्हती. खरंच विचारत होती. आतून तिला हाका येत होत्या, तरी ती हलली नाही.

अजूनही लालबागेच्या स्टेशनात जळगावची गाडी शिटी देते ना, तेव्हा मला तो तांब्या आठवतो. 'सरळ आत शिरायचं असतं, सुशीला!' हे उत्तर मला तोंडपाठ होतं हो!

मी पाणी प्यायलो, तोंड पुसलं आणि म्हणालो, "ते पुढच्या धड्यात आहे."