आबांचा युवराज

जळगावच्या कॉलेजात मी युरोपचा इतिहास शिकवायचे. कुठल्या राजपुत्राला लहानपणी किती फटके बसले, कुठली राजकन्या कुठल्या तहात देऊन टाकली, सगळं तोंडपाठ. मुलं जांभया द्यायची. मला मात्र ते भडगावच्या आमच्या घरातलंच वाटायचं.

भाऊ माझ्याहून मोठा, आबांचा एकुलता मुलगा. शेत कोण बघणार म्हणून आबांनी त्याला शाळेतून काढला. बायकोही त्यांनीच निवडली, तिच्या बापाचा मळा आमच्या बांधाला लागून होता म्हणून. एवढं करून शेत काही हातात दिलं नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली आबांच्या करदोड्याला. सून आलेला, केस काळे करणारा माणूस रोज सकाळी बापापुढे उभा राहून ती मागायचा आणि संध्याकाळी परत करायचा. आबा आधी निवांत चहा संपवायचे.

माझं डोकं फिरायचं. "भाऊ, एकदाची कायमची मागून घे ना."

"आबा शेतस ना आजून," तो म्हणायचा. आबा आहेत, एवढंच त्याचं उत्तर.

एकदा आबांचे डोळे दाखवायला दोघं माझ्याकडे आले होते. टीव्हीवर तिकडच्या एका राजाचा राज्याभिषेक चालला होता. हा इतका म्हातारा कसा, आबांनी विचारलं. आई गादीवर होती, ती जाईपर्यंत थांबला, मी सांगितलं. आबा जाम खूश झाले.

"देख, त्यालेबी थांबनं पडनं," ते भावाला म्हणाले. "तू त कोवळा शे."

भाऊ हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पुढच्या उन्हाळ्यात तो बांधावर बसला तो उठलाच नाही. घरी आणला, अंगणात ठेवला. आबा काठी टेकत आले, वाकले आणि त्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली. मग रडले.

आमच्यात उत्तरकार्याच्या दिवशी गेलेल्याच्या मोठ्या मुलाला त्याच्या सासुरवाडीची माणसं पगडी बांधतात. बापाचा कारभार आता तुझा, एवढाच अर्थ. भाऊच्या मुलाचे, माझ्या भाच्याचे, सासरे पांढरं कापड घेऊन पुढे झाले. भाचा पाटावर मान खाली घालून बसला होता. आबांनी खुर्चीतून हात वर केला.

"कसानी पगडी? त्याना हातमा व्हतंच काय?"

मला राहवलं नाही. "आबा, तिकडे मुलगा आधी गेला तर गादी नातवाला मिळते."

"राजा मरस तवय ना," आबा म्हणाले.

सासऱ्यांनी कापडाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं. आबा मरावेत, असं त्या दिवशी मला अगदी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा किल्ली मागायला त्यांच्यापुढे उभा होता. आबांचा चहा अजून संपायचा होता.