आचाऱ्याचा ‘ऱ्या’

ज्या बाईमुळे मी माझं लाडकं सॉफ्टवेअर सोडलं, ती आज सकाळी गेली.

शालनमावशी. आमच्या समोरच्या घरातल्या. मूळच्या सांगोल्याकडच्या.

मावशींचे यजमान लग्नाचे आचारी होते. पार मोडनिंबपर्यंत त्यांच्या हातची आमटी लोक मागून मागून प्यायचे. ते गेल्यावर मावशींनी त्यांच्या सगळ्या रेसिपी मला तोंडी सांगितल्या, मी टाइप केल्या.

छापील पुस्तक नकोच होतं. काचबिंदूनं त्यांची नजर चालली होती. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून ई-बुक.

दिसतंय तोवर स्वतः वाचायचं, एवढीच मावशींची अट.

आता मी पडलो स्वतःचा स्वतः शिकलेला. एकही क्लास न लावता माझ्या लाडक्या कोड एडिटरमध्ये ई-बुकचं कोडिंग हातानं करायचो. एक स्पेस जास्त पडली तरी मला घास जात नाही. अभिमान आहे, लपवत नाही.

पण मावशी शेजारी खुर्ची टाकून बसल्या, स्क्रीनवरचा कोड बघितला आणि म्हणाल्या,

“अनिल, पानाला मुंग्या लागल्यात व्हय रं?”

झालं. व्हिज्युअल एडिटर घेणं आलं. पान वाचताना जसं दिसणार, तसंच समोर. मावशींनी बोट दाखवायचं, मी तिथंच दुरुस्त करायचं.

पहिलं पान अर्पणपत्रिकेचं. मी टाइप केलं, ‘माझ्या आचाऱ्याला’. सेव्ह केलं, परत उघडलं, अक्षर मोठं केलं.

मावशी स्क्रीनला नाक लावून वाचायला लागल्या.

“माझ्या... आचार्याला?”

आणि हसत सुटल्या.

“अगं बया! चौथी नापास माणसाला आचार्य केलंस की रं!”

‘ऱ्या’ टाइप करताना मी मध्ये एक न दिसणारी खूण टाकतो. हा एडिटर सेव्ह करताना ती कचरा समजून उडवत होता, आणि ‘ऱ्या’चा ‘र्या’ होत होता.

मी म्हटलं, “मावशी, सरळ ‘पतीस’ लिहू या. प्रश्नच मिटला.”

हसू थांबलं.

“न्हाय. त्यांना नावानं कुणीच हाक मारली न्हाय कधी. आचारी, हिकडं या. आचारी, मीठ बघा. त्येच त्यांचं नाव. त्ये नीट लिव.”

दुसरा एडिटर आणला. त्यात ‘ऱ्या’ टिकला, पण अक्षर मोठं केलं की ओळी एकमेकींवर चढायच्या.

तिसरा दिसायला गबाळा, उघडायला मंद. पण सेव्ह करा, बंद करा, उघडा, अक्षर कितीही फुगवा, आचारी तो आचारीच.

तोच घेतला. आजही तोच वापरतो.

पुस्तक तयार झालं. मावशींच्या हातात टॅब दिला. अक्षर एवढं मोठं, की एका ओळीत एकच शब्द.

मावशींनी ‘आचाऱ्याला’ या शब्दाला बोट लावलं, आणि पान उलटलं.

“पळालं की रं! मागं घे, मागं घे.”

मागे घेतलं. बराच वेळ बघत राहिल्या.

“हां. आता हेच हायत.”

मग लगेच,

“आता आमटीचं पान काढ. मीठ कमी लिवलंयस.”

पुढे नजर पार मंदावेपर्यंत मावशींनी अख्खं पुस्तक स्वतः वाचलं. शब्द न् शब्द. आणि माझ्या चार चुका काढल्या. चारही खऱ्या.

मावशी, सावकाश जा.

आचाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.